चोराला पश्चात्ताप झाला

"तुला जराही पश्चात्ताप होत नाही का गं?" दादानं विचारलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कॅलिफोर्नियात असतो, सॉफ्टवेअरमध्ये. कोथरूडमधले निम्मे भाऊ तिकडेच असतात आणि रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर तोंड दाखवून इकडच्यांना वळण लावतात. "अण्णांचं वय बघ. भर सत्कारात तू त्यांना असं... निदान सॉरी तरी फील कर!" मी म्हटलं, "आमटी उतू जातेय," आणि फोन ठेवला. आमटी कुठली उतू जायला, मीच जात होते.

सत्कारात काय झालं ते सांगते. पण आधी हा शब्द. दादानं दुसरा कुठलाही वापरला असता तर मी ऐकून घेतलं असतं. उद्धट म्हणायचं, आगाऊ म्हणायचं, कजाग म्हणायचं. पण पश्चात्ताप? तळपायाची आग मस्तकात गेली. सत्काराच्या दिवसापासून अण्णा, म्हणजे आमचे वडील, माझ्याशी बोलत नाहीत. मी रोज दुपारी त्यांच्या दाराच्या कडीला डबा अडकवते, बेल दाबते आणि ते दार उघडायच्या आत जिना उतरते. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी त्याच कडीला असतो. घासलेला. अबोला धरला तरी डबा घासून ठेवायची शिस्त सुटत नाही आमच्याकडे.

आणि हे सगळं चाललंय ते नेमकं मार्चमध्ये. पुण्यात मार्च हवेतून येत नाही, शाळांच्या फाटकातून येतो. सकाळी अजून शाल लागते आणि दहा वाजता डोकं तापतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीची घुंगरं वाजायला लागतात. सोसायटीच्या आवारात वाळकी पानं सरसरत फिरतात आणि वॉचमन ती झाडून झाडून वैतागतो. परीक्षा केंद्राबाहेर पॅड छातीशी धरून पोरं उभी असतात; कपाळाला अंगारा, ओठांवर दह्याचा पांढरा ठिपका, आणि शेजारी त्यांच्याहून घाबरलेल्या आया. मी तिथून जाताना दुचाकीचा वेग वाढवते. लोकांना म्हणे म्हातारपणापर्यंत गणिताच्या पेपरची स्वप्नं पडतात. मला मराठीच्या पेपरचं पडतं. त्यात मी पेपर लिहीत नसते. माइकसमोर उभी असते.

अण्णा मराठीचे शिक्षक. माझ्याच शाळेत. वर्गात मीही त्यांना सर म्हणायची आणि घरी येऊन अण्णा म्हणायची. शब्दांचे अर्थ असे शिकवायचे की पुढं जन्मभर चुकीचा शब्द वापरायची चोरी. "चुटपूट म्हणजे बस चुकल्यावर लागते ती. हळहळ दुसऱ्याचं वाईट झालं की वाटते. खंत जुनी असते, मनात घर करून राहते. आणि पश्चात्ताप?" इथं ते खडू खाली ठेवायचे. "मागाहून होणारा ताप. हा थर्मामीटरला कळत नाही. ज्याला होतो त्यालाच कळतो. आणि एकदा झाला की माणूस गप्प बसू शकत नाही." मागचे बाकसुद्धा पुढं सरसावून ऐकायचे. मलाही तेव्हा अंगावर काटा यायचा. अजून येतो, फक्त कारण बदललंय.

मग फळ्यावर लिहायचे: वाक्यात उपयोग करा. आणि आम्ही काय लिहायचो? 'चोराला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला.' वर्गात जितकी पोरं तितके चोर. एखादी शहाणी मुलगी चोर काढून तिथं आळशी विद्यार्थी घालायची, एखादी आईचं न ऐकणारं कोकरू. झालं, पुढं कुणाची मजल जायची नाही. मुख्याध्यापकांना पश्चात्ताप झाला, असं कुणी लिहिल्याचं आठवतंय का तुम्हाला? वडिलांना झाला? साहेबांना झाला? सासूबाईंना? छे, नाव नको! मोठी माणसं फार तर खेद व्यक्त करतात. कंपन्या दिलगिरी व्यक्त करतात. रस्ता खणणारे रस्ता खणून ठेवतात आणि गैरसोयीची पाटी लावून मोकळे होतात. यातलं काही व्हावं लागत नाही, नुसतं व्यक्त केलं की भागतं. व्हायचा तो पश्चात्ताप, आणि तो व्हायचा चोरांना, कोकरांना आणि मुलींना. वर्तमानपत्रात तर ठरलेलंच आहे, 'आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.' बातमीदार भिंग घेऊन उभा असतो की काय आरोपीच्या तोंडाशी? आणि तेच भिंग कधी आरोप करणाऱ्याच्या तोंडापुढं धरलंय का कुणी?

असो. चिडले की माझं असं होतं, मूळ गोष्ट बाजूला राहते.

अण्णांना एक खोड होती. काहीही लिहिलं की ते मोठ्यानं वाचायचे. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, मामाला लिहिलेलं पोस्टकार्ड, वाण्याला द्यायची यादीसुद्धा. म्हणायचे, "वाक्य डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. खटकलं की समजायचं, चुकलंय." आवाज काय सांगावा! भरदार, घोटीव. 'ळ' ऐकावा तर त्यांचा आणि 'ण' ऐकावा तर त्यांचा. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत वाचायचे. त्या गॅलरीच्या शेजारीच इमारतीचा जिना, मध्ये फक्त सिमेंटची जाळी. संध्याकाळी शिकवणीची मुलं लवकर यायची आणि अण्णांचा चहा होईपर्यंत त्याच जिन्यात पायऱ्यांवर बसून राहायची. शाळेच्या परीक्षांचे पेपर अण्णा घरीच काढायचे. प्रश्न लिहायचा, गॅलरीत जायचं, खणखणीत आवाजात वाचायचं, खटकलं तर खोडायचं, पुन्हा वाचायचं.

तुमच्या लक्षात आलं ना? आमच्या लक्षात आलं नाही. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो बाहेर जातो हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी दहावीला होते ते वर्ष. केबल नुकती आलेली आणि दहावीची पोरं असलेल्या घरांनी ती घाईघाईनं काढून टाकलेली. कोथरूडला रोज एक नवी इमारत उभी राहत होती, आणि प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास निघत होता. सगळ्यांना कुठंतरी पोहोचायचं होतं आणि त्याचं दार म्हणजे दहावीचे मार्क. जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. पेपर तपासताना अण्णांच्या लक्षात आलं की बऱ्याच मुलांनी निबंध पाठ करून आल्यासारखा लिहिलाय. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "सर, पेपर तुमच्या घरात तयार होतो आणि मुलगी दहावीला. आम्ही काय बोलणार?" बस. एवढं एक वाक्य. अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

घरी आले, चपला काढायच्या आधी विचारलं, "तू सांगितलंस?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत, अण्णा."

"घरात आपण तिघंच आहोत," अण्णा म्हणाले. दादा तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला होता. "मी सांगितलं नाही. तुझ्या आईला निबंधाशी कर्तव्य नाही." त्यांचं गणित तिथं संपलं. आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, आणि अण्णा माइकपाशी गेले. "अनघा, पुढे ये." आडनाव घेतलं नाही, ते त्यांचंच होतं. अनघा म्हणजे निष्पाप, हे नावही त्यांनीच ठेवलेलं. "ही माझी मुलगी आहे. पेपर माझ्या घरातून फुटला. माझ्याकडे आपला-परका हा भेद नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हण." काय म्हणायचं ते आदल्या संध्याकाळी पाठ करून घेतलं होतं. "माझ्या हातून घडलेल्या कृत्याचा मला पश्चात्ताप होत आहे." पहिल्यांदा नुसती पुटपुटले. अण्णा म्हणाले, "मोठ्यानं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी मोठ्यानं म्हटलं. स्पष्ट, एकही अक्षर न गिळता, त्यांच्यासारखं. शेवटच्या रांगेत पाचवीची पोरं होती. त्यांना काय कळणार, कुणीतरी छान पाठांतर म्हटलं असं वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

का म्हटलंस, असं मला पुढं नवऱ्यानं विचारलं, मैत्रिणींनी विचारलं. अहो, का म्हणजे काय? पंधरा वर्षांची होते. मास्तर आणि बाप एकाच माणसात असले की जायचं कुठं? शाळेतून घरी जावं तर तेच, घरून शाळेत जावं तर तेच. पेपरफोडी हे नाव मला त्या दिवशी चिकटलं. बोर्डाच्या परीक्षेला माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी आपला पेपर हातानं झाकून बसली होती. माझ्यापासून! पुढं कॉलेजातही आमच्या शाळेतलं कुणीतरी भेटायचंच, आणि आधी ओळख पटायची आणि मग ते हसू यायचं.

खरं बाहेर आलं ते बोर्डाच्या आधीच, तीन-चार आठवड्यांत. मिलिंद म्हणून शिकवणीला एक उंच मुलगा यायचा. एका संध्याकाळी शिकवणी सुरू होताना तो एकदम उभा राहिला. कान लाल झालेले, डोळे भरलेले. "सर, अनघानं नाही सांगितलं. तुम्ही गॅलरीत मोठ्यानं वाचत होतात. आम्ही जिन्यात बसून ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं." मी आणि आई आत स्वयंपाकघरात. आई वाटाणे सोलत होती. तिनं माझा हात घट्ट धरला. बाहेर मिलिंद मुसमुसत होता. मला वाटलं, आता अण्णा आत येतील. आता हाक मारतील. बाहेरून आवाज आला, "वह्या काढा."

वह्या काढा! दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला त्यांनी माइक घेतला का? डोंबल घेतला. रात्री जेवताना काही बोलले? "मीठ दे" म्हणाले. फक्त एक झालं. त्या दिवसापासून अण्णांनी मोठ्यानं वाचणं सोडलं. गॅलरीतल्या येरझाऱ्या बंद. पेपर काढायचे ते टेबलाशी बसून, ओठ मिटून.

आई म्हणायची, "बघ, वाचणं सोडलं की नाही त्यांनी? कळलंय त्यांना सगळं."

"कळलंय तर बोलू दे ना मग."

"त्यांना बोलता येत नाही गं तसलं."

"बोलता येत नाही? अख्खं कोथरूड त्यांच्याकडून बोलायला शिकतं, आई!"

"जाऊ दे, बाळा." आईचं जाऊ दे. त्यावर आमचं घर उभं होतं. ती गेली तेव्हाही मला वाटलं होतं की निदान आज, स्मशानातून आल्यावर, त्या रिकाम्या स्वयंपाकघरात अण्णा म्हणतील काहीतरी. त्यांनी विचारलं, "दूध तापवलंस का?"

आता गंमत ऐका. मोठी झाल्यावर मी पोट कशावर भरलं? आवाजावर. त्यांच्याकडूनच आला तो, नाकारून कसं चालेल. पुण्यात मोबाइल आले, कॉल सेंटरं आली, बाणेर-हिंजवडीकडं काचेच्या इमारती उठल्या, आणि सगळ्यांना मराठी बोलणारा एक स्वच्छ बायकी आवाज पाहिजे झाला. एका फोन कंपनीसाठी मी तक्रारींच्या क्रमांकावरचे निरोप ध्वनिमुद्रित केले. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' स्टुडिओत काचेपलीकडं एक नागपूरकडचा तरुण मॅनेजर बसलेला. पहिला टेक झाला तर तो गडबडीनं आत आला. "मॅडम, तुम्ही तर खरंच माफी मागून राहिल्या ना! एवढं नको. लीगलवाले म्हणतात, आपण चूक मान्य केल्यासारखं वाटते."

"मग कसं म्हणू?"

"सॉरी पाहिजे, पण आपलं काही चुकलं असं वाटायला नको."

मी एवढ्या जोरात हसले की तो घाबरला. म्हटलं, "अरे बाबा, अशा घरातच वाढलेय मी. हे घे." आणि दिलं म्हणून. एका टेकमध्ये पास.

पुढं कित्येक वर्षं तो आवाज वाजत राहिला. धायरीपासून लोणी काळभोरपर्यंत कुणाचाही फोन बंद पडो, दिलगीर मी! भाजी घेताना शेजारच्या बाईच्या फोनमधून मीच दिलगीर, रिक्षावाल्याच्या फोनमधून मीच. आणि अण्णा? अण्णा निवृत्त झाले होते. एकदा मी अचानक गेले तर बाहेरच्या खोलीत दोन शेजारी बसलेले, मध्ये टीपॉयवर फोन, स्पीकर चालू, आणि त्यातून मी म्हणतेय, दिलगीर आहोत, दिलगीर आहोत. तक्रार काही नव्हतीच! नुसते क्रमांक लावून बसले होते. "ऐका," अण्णा शेजाऱ्यांना म्हणाले, "'गैरसोय' कसं स्वच्छ उच्चारलंय. हल्ली कुणाला जमतं? आमची मुलगी आहे." चेहऱ्यावर हे एवढं कौतुक. आईनं मागाहून सांगितलं की रोज लावतात, कधी कधी दोनदा.

कौतुक! ज्या माणसानं मला एकदा म्हणायला हवं होतं, तो मला रोज म्हणायला लावत होता आणि चहा पीत ऐकत होता. मी घरी येऊन रडले. दुःखानं नाही, रागानं. रागाचं रडणं वेगळं असतं, त्यानं डोळे सुजतात पण मन हलकं होत नाही.

मग हा सत्कार. अण्णांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवला, फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी, कोथरूडमधल्याच एका सभागृहात. सगळे आता आयटीतले, पोटं सुटलेले, गाड्या लावायला जागा शोधत फिरणारे. पुढाकार मिलिंदचा. त्यानंच फोन केला, "निवेदन तूच करायचंस. सरांची मुलगी, आणि एवढा आवाज!" मी हो म्हटलं. खरं सांगते, माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. उलट आशा होती. माणूस म्हातारा झालाय, समोर जुनी मुलं आहेत, हातात माइक आहे. आज बोलेल. मी चांगली साडी नेसले, आईची, मोरपंखी.

मिलिंद बोलायला उभा राहिला आणि त्यानं तीच गोष्ट सांगितली. विनोद म्हणून. सर गॅलरीत पेपर कसे वाचायचे, आम्ही जिन्यात श्वास रोखून कसे बसायचो, निबंध कसा घरूनच पाठ करून यायचो. सभागृह हसून हसून लोटपोट. "आणि बोलणी कुणी खाल्ली माहितीये? आपल्या निवेदिकाबाईंनी!" पुन्हा हशा. टाळ्या. ज्या पोरानं माझ्यासाठी रडून कबुली दिली होती त्याच्याकडंही आता फक्त किस्सा उरला होता. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते, इतके हसत होते.

मग ते बोलायला उभे राहिले. आवाज थोडा घोगरा झालाय, पण ळ अजून तोच. भाषेबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. आणि शेवटी म्हणाले, "आज मागे वळून पाहताना मला कशाचाही पश्चात्ताप वाटत नाही."

माझ्या हातात दुसरा माइक होता. मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "सर, या शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखवा ना."

सभागृहाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. काय गोड, बापलेकीची गंमत. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "चोराला पश्चात्ताप झाला!" मी म्हटलं, "चोराचं नको, सर. ते आम्ही खूप लिहिलं. स्वतःबद्दलचं एक सांगा. अनघाबद्दलचं." हसू हळूहळू कमी झालं. अण्णांनी आपल्या माइकवर तळवा ठेवला, माझ्याकडं वाकले आणि हळू म्हणाले, "घरी बोलू."

घरी! पंचवीस वर्षं घरीच तर होतो आम्ही. घेताना मैदानावर घेतलं होतंत ना? मग द्यायला घर कशाला? मी माझा माइक तोंडाजवळच ठेवला. "मोठ्यानं, अण्णा. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

अण्णांनी माइक टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. कुणीतरी धावत येऊन आभार मानले. मग जेवणं झाली. जिलबी होती, मठ्ठा होता, आणि माझ्या पानाशेजारची दोन्ही पानं रिकामी होती.

तर त्याबद्दल मला पश्चात्ताप व्हावा असं दादाचं म्हणणं आहे. नातेवाइकांचंही आहे. एक मावशी म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असं कोंडीत धरतात का?" मी विचारलं, "आणि पोरीला धरतात?" तर म्हणाली, "ते जुनं झालं गं आता." वा! त्यांचं ते जुनं आणि माझं ते ताजं. चुकीलाही काय मुदत असते का, की गेली म्हणून आता पावती मिळत नाही? मला अण्णांना खाली बघायला लावायचं नव्हतं. मला त्यांचा सूड नको, रडणं नको, पाया पडणं तर नकोच नको. त्यांनी माझ्याकडं बघून एक वाक्य म्हणावं, त्यांच्या त्या आवाजात, एकही अक्षर न गिळता. शब्दांचे अर्थ त्यांनीच शिकवले. मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचंच नाही ते.

फोन ठेवला, आमटी डब्यात भरली आणि निघाले. ऊन मरणाचं. अण्णांच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी पहिला मजला चढले, दुसऱ्याच्या अर्ध्यावर आले आणि थबकले.

वरून आवाज येत होता. सिमेंटच्या जाळीतून. येरझाऱ्यांचा, आणि बोलण्याचा. आधी वाटलं, कुणी आलंय. मग कळलं, अण्णा मोठ्यानं वाचतायत. इतक्या वर्षांनी, गॅलरीत.

"'अनघा, तुझ्यावर जो अन्याय झाला...'" थांबले. "हं. झाला म्हणे. आपोआप झाला काय?" कागदावर खोडल्याचा आवाज. येरझार. "'अनघा, मी तुझ्यावर जो अन्याय केला, त्याबद्दल मी दिलगीर...' छे, छे! फोन कंपनी आहे का?" पुन्हा खोडलं. मग एकदम हळू, घोगरं, "'अनघा, मला...'" आणि तो शब्द आला नाही. ज्या शब्दाला खडू खाली ठेवायचे, तो त्यांच्या तोंडात येईना. खोकले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "'अनघा, मला...'"

मी पायरीवर बसले. जिथं ती सगळी पोरं बसायची तिथंच. डबा मांडीवर, आमटीचा चटका साडीतून लागत होता. डोळे वाहायला लागले आणि त्याचाही मला राग आला. मिलिंद असता तर इथंच खूश होऊन घरी गेला असता. ऐकलं ना, झालं तर मग. आईही तेच म्हणाली असती, कळलंय त्यांना, जाऊ दे. पण जिन्यात बसून ऐकलेला पेपर हा फुटलेला पेपर असतो. तो मी धरणार नाही.

उठले. उरलेल्या पायऱ्या चढले. डबा कडीला अडकवला नाही, हातातच ठेवला, आणि बेल दाबली. आतला आवाज थांबला.

"कोण आहे?"

"मी आहे," मी म्हटलं. "उतरून जात नाहीये आज. दार उघडा, अण्णा, आणि मोठ्यानं वाचा."